मंद चित्र किती उजळावं? कोल्हापुरातल्या एका बंदर-चित्राचं प्रकरण

चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात खेळायच्या पत्त्याएवढा एक तुकडा लख्ख उजळ होता. बाकीचं चित्र कोऱ्या चहासारखं तपकिरी, आणि तेवढाच भाग पांढुरका, स्वच्छ. घरातल्या दादांनी मला सगळ्यात आधी तोच दाखवला.

"मॅडम, हे बघा. फ्रेमच्या दुकानातल्या पोरानं नुसतं थिनर लावून पुसलं तर एवढं निघालं. सगळं असंच निघायला पाहिजे. मग कळंल तरी काय काढलंय ते."

मी भिंग लावून त्या तुकड्यावर वाकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कॅनव्हासच्या विणीत उंच टोकं असतात आणि मध्ये खळगे असतात. इथं टोकांवरचा रंग पुसून गेला होता आणि खळग्यांत तेवढा थोडा करडा उरला होता. घरातल्यांना जे उजळ चित्र वाटत होतं ते चित्राखालचं पांढरं अस्तर होतं. सगळं चित्र असंच "निघालं" असतं तर भिंतीवर कापड राहिलं असतं.

मी तैलचित्रांच्या संवर्धनाचं काम करते. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण दबक्या रंगांच्या चित्रांबाबत हीच चूक मी अनेक घरांत पाहिली आहे. मंदपणा म्हणजे मळ, असं लोक धरून चालतात. कधी कधी तो मळ असतोही. कुठला मंदपणा कुणी आणला हे आधी ठरवायचं, हात नंतर लावायचा. या चित्रात ते ठरवायला मला जवळजवळ तीन महिने लागले.

घर शुक्रवार पेठेतलं, पंचगंगा घाटापासून चालत पाच मिनिटांवर. 2019च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर नदी 55 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट. खालचा मजला पाण्यात गेला. चित्र माडीवर होतं, त्याला पाण्याचा थेंब लागला नाही. पण घर बंद करून सगळे नातेवाइकांकडे गेलेले, खाली भिंती ओल्या, वर हवा कोंदलेली. परतल्यावर पाहिलं तर चित्रावर पांढुरकी साय आलेली. बुरशी वाटून कुणीतरी ते फ्रेमच्या दुकानात नेलं, आणि मग थिनर.

ती साय बुरशी नव्हती. जुन्या वार्निशचा थर दमट हवेत राहिला की त्याच्या पृष्ठभागावर असा धुरकटपणा येतो. खालच्या रंगाला त्यात काही होत नाही.

चित्र 18 इंच बाय 24 इंचांचं, कॅनव्हासवर तेलरंगात. सही नाही. मागच्या बाजूला कॅनव्हास विकणाऱ्या लंडनच्या दुकानाचा अर्धवट पुसलेला शिक्का. कोल्हापुरात सही नसलेलं जुनं निसर्गचित्र निघालं की एक प्रश्न हमखास येतो, तो इथंही आला: "अबालालांचं असंल का हो?" चित्रकार अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, रंकाळा आणि कोटितीर्थाचा परिसर त्यांनी पुन्हापुन्हा रंगवला आणि 1931 साली ते गेले. या गावाला निसर्गाकडे बघायला ज्यांनी शिकवलं त्यांत त्यांचं नाव पहिलं. म्हणूनच ते नाव प्रत्येक बेवारस चित्राला चिकटवणं मला पटत नाही. मी दादांना सांगितलं, नाव कुणाचं हा माझ्या कामाचा भाग नाही, आणि चित्र ज्याचं असेल त्याचं असो, त्याची काळजी तेवढीच घ्यायची.

घरात त्याला सगळे "पंचगंगेचं चित्र" म्हणत. खाली पाणी, डावीकडे पायऱ्या, उजवीकडे एक उभा काळा खांब आणि मधोमध झोपडीसारखा काळपट ढीग. पायऱ्या म्हणजे घाट, खांब म्हणजे दीपमाळ, ढीग म्हणजे एखादं लहान देऊळ. पंचगंगेच्या घाटावर पाण्यात उभ्या दीपमाळा आणि लहान देवळं आहेतच, त्यामुळे ओळख पटल्यासारखी वाटत होती. तीन पिढ्या या नावावर गेल्या.

पहिले दोन दिवस मी फक्त बघत बसले. खिडकी उघडी ठेवून सकाळी, दुपारी, दिवे लावून संध्याकाळी. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचं सगळं काम तिच्यावर उभं राहिलं. चित्रात कुठंच पडछाया नव्हती. पायरीची पायरीवर नाही, खांबाची पाण्यावर नाही, ढिगाची गाळावर नाही. वार्निश कितीही काळं पडलं तरी ते सावल्या पुसत नाही, उलट त्या जास्त गडद दिसतात. वार्निशखाली उन्हातलं चित्र दडलेलं असतं तर सावल्यांच्या कडा सापडायलाच हव्या होत्या. म्हणजे चित्रकारानं ढगाळ दिवस रंगवला होता. दादांना हवं होतं तसं ऊन या चित्रात कधीच नव्हतं, त्यामुळे पुसून ते बाहेर येणार नव्हतं.

तरीही तपकिरीपणा चित्रकाराचा नव्हता. रात्री माडीवरचे दिवे घालवून अतिनील टॉर्च धरला. राळेपासून केलेलं जुनं वार्निश अशा प्रकाशात हिरवट पिवळं चमकतं. आकाशभर तो हिरवट पडदा दिसला, ब्रशचे आडवे फटकारे मोजता यावेत इतका स्पष्ट. थिनरनं पुसलेला तुकडा त्यात काळा, भोकासारखा. त्यावर घरातला धूर होताच. चित्र कैक वर्षं देवघरावर होतं, उदबत्ती आणि निरांजनाची काजळी वार्निशवर बसलेली.

मग चौकट उतरवली. चौकटीच्या खाचेत चित्राची जी कड दडलेली असते तिच्यावर उजेड पडत नाही, म्हणून मी नेहमी ती बघते. इथं वरच्या कडेला तीन सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही कमी रुंदीच्या पट्टीत आकाश फिकं गुलाबी होतं. खाचेच्या बाहेर पाऊल टाकताच तेच आकाश करडं. हा मंदपणा मळाचा नाही आणि चित्रकाराचाही नाही, तो उजेडाचा. जुन्या रंगपेटीतले लाख-किरमिजीसारखे सेंद्रिय लाल उजेडात उडतात. पांढऱ्यात थोडासा मिसळून आकाशाला दिलेला असा लाल सगळ्यात आधी जातो. समोरच्या खिडकीतून वर्षानुवर्षं आलेल्या उजेडानं तो नेला, आणि तो कुठल्याही द्रवानं परत येत नाही.

खुलासा घरातल्या आजींनी केला.

आजी माडीवरच्या पलंगावर बसून माझं काम बघायच्या. फारसं बोलायच्या नाहीत. मी पहिली चाचणी घेत होते. शुद्ध पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं, आणि मग आमच्या कामातल्या जुन्या उपायानं, म्हणजे थुंकीनं ओल्या केलेल्या बोळ्यानं. ऐकायला विचित्र वाटतं, पण लाळेतल्या पाचकरसांमुळे वरचा तेलकट मळ सुटतो आणि खालच्या रंगाला धक्का लागत नाही. मधल्या काळ्या ढिगावरची काजळी निघाली तेव्हा त्यावर तिरप्या, एकावर एक पडलेल्या रेघा दिसल्या. विटा नाहीत, दगड नाहीत. मी म्हटलं, "आजी, हे देऊळ नाही वाटत. गवताची गंजी असेल काय?"

आजी उठून जवळ आल्या. चष्मा वर केला.

"गंजी कुठली पोरी. व्हडी हाय ती. शाकारलीया. हे झाप बघ की वरनं घातल्यालं."

आजींचं माहेर घाटाखालचं, कोकणातलं. नारळाच्या झावळ्या विणून झाप करतात आणि पावसाळ्यात होड्या, मचवे ओढून वर घेतात, त्यांवर झापांचं छप्पर घालतात. पाऊस लागला की बंदर बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग पुन्हा होड्या पाण्यात. त्यांनी ते लहानपणी दरवर्षी पाहिलेलं. सासरी आल्यापासून हे चित्र रोज समोर होतं, पण काजळीखालची होडी त्यांना पहिल्यांदाच दिसली.

त्यानंतर बाकीचं सुटत गेलं. पायऱ्यांवर एक आडवी ओली रेघ होती, तिच्याखाली शेवाळ, वर कोरडं. पंचगंगेला भरती-ओहोटी नाही. अशी नेमकी, सपाट रेघ रोज वरखाली होणाऱ्या पाण्याची असते. होडीपुढे गाळाचा उतार, त्यात पाण्याच्या लहान चरी: ओहोटी लागलेली खाडी. दीपमाळेच्या टोकाशी काजळी निघाली तेव्हा झावळ्या निघाल्या. दीपमाळ नव्हतीच, माड होता. आणि पायऱ्यांचा दगड आपल्या घाटाचा काळा पाषाण नसून कोकणातला तांबूस जांभा असणार, असं मी आता धरून चालले.

ही स्थळाची ओळख नुसत्या कुतूहलाची नव्हती. पायऱ्या काळ्या पाषाणाच्या असत्या तर त्यांचा काळपटपणा बरोबर होता, तो तसाच ठेवायला हवा होता. जांभ्याच्या असतील तर त्यात तांबूसपणा असायला हवा, आणि तो मातीच्या रंगांनी दिलेला असणार: बर्न्ट सिएना, इंडियन रेड. मातीचे रंग उजेडात उडत नाहीत. म्हणजे तांबूसपणा गेलेला नसून दडलेला असणार. आकाशाचा गुलाबी परत येणार नव्हता, पायऱ्यांचा तांबूस येऊ शकत होता. एकाच चित्रात दोन लाल, दोघांचं नशीब वेगळं.

बंदर कुठलं याबद्दल माझं मत खारेपाटणकडे झुकतं. दादांचे पणजोबा गुळाचे अडत्ये. कोल्हापूरला रेल्वे 1891 साली आली. त्याआधी इथला माल बावडा आणि फोंडा घाटांनी उतरून खारेपाटणला, अणुस्कुऱ्यानं राजापूरला जायचा आणि येताना बैलांच्या पाठीवर मीठ, नारळ, सुपारी चढायची. खारेपाटण हे समुद्रकाठचं गाव नाही. विजयदुर्गाच्या खाडीतून बरंच आत, नदीच्या वळणावर. मोठी गलबतं खाली थांबायची, लहान होड्या भरतीच्या पाण्यावर वर यायच्या. शिलाहारांचा 1008 सालचा ताम्रपट तिथं सापडला, इतकं ते जुनं ठिकाण. राजापुरात 1649पासून इंग्रजांची वखार होती. पुढे खाड्या गाळानं भरत गेल्या, रेल्वेनं घाटवाटांचा माल ओढून घेतला आणि ही नदीवरची बंदरं शांत झाली. चित्रातली शांतता पावसाळ्याची आहे, पण मला तीत त्या ओसरत्या व्यापाराचीही दिसते.

इथं थोडं विषयांतर करते. ब्रह्मपुरीची टेकडी या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथं 1940च्या दशकात रोमन ब्राँझच्या वस्तू सापडल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची हातभर लांबीलाही न भरणारी सुरेख मूर्ती होती. टाउन हॉलच्या संग्रहालयात ती आहे. समुद्र नसलेल्या या गावात समुद्राचा देव दोन हजार वर्षांपूर्वी आला तो अशाच कुठल्यातरी खाडीतून आणि घाटावरून. शुक्रवार पेठेतल्या भिंतीवर कोकणातलं बंदर असणं मला म्हणूनच अजिबात परकं वाटलं नाही.

आता रंगांबद्दल. चित्रकारानं करडा काळ्या-पांढऱ्यातून केलेला नव्हता. भिंगाखाली पाहिलं तर अल्ट्रामरीनचे निळे कण आणि सिएनाचे तांबूस कण पांढऱ्यात शेजारीशेजारी दिसतात, पूर्ण न घोटलेले. अशा करड्यात निळा वाढवला की तो थंड होतो, तांबूस वाढवला की ऊबदार. मी मोबाइलवर चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल केला. आकाश आणि पाणी जवळजवळ एकाच उजेडाचे निघाले. म्हणजे त्या दोघांना वेगळं ठेवणारी गोष्ट एकच: आकाश किंचित थंड, पाणी किंचित ऊबदार. फरक राईएवढा, पण सगळं चित्र त्याच्यावर तोललेलं.

ही जुनी, कसलेली रीत आहे. हॉलंडचा यान व्हान गोयेन 1630-40च्या सुमारास नदीची आणि होड्यांची चित्रं मोजक्या तपकिरी-करड्या रंगांत करायचा. व्हिसलरनं 1870च्या दशकात थेम्सच्या रात्री रंगवताना रंग इतका पातळ केला की तो त्याला 'सॉस' म्हणायचा आणि ओघळू नये म्हणून कॅनव्हास आडवा ठेवायचा. दोघांच्याही नद्यांवर धुकं आहे, ओल आहे. ज्यानं श्रावणातली खाडी पाहिली आहे त्याला हे समजवावं लागत नाही.

अशा चित्राला पिवळं वार्निश भडक चित्रापेक्षा जास्त मारतं. लाल लुगडं पिवळ्या काचेतून पाहिलं तरी लालच दिसतं. पण थंड करडा आणि ऊबदार करडा शेजारी असतील तर पिवळ्या काचेतून दोन्ही एकच होतात. आकाश पाण्यात मिसळतं, क्षितिज जातं, होडीचा ढीग होतो. दादांना "काय काढलंय ते कळत नाही" असं वाटत होतं ते अगदी बरोबर होतं. चुकलं होतं ते त्यांनी धरलेलं कारण. रंग कमी पडले नव्हते, करड्यांमधला फरक बुजला होता. आणि जो थर काढायचा तो काढताना जरा जास्त हात चालला तर हाच फरक कायमचा जातो.

प्रत्यक्ष सफाई सांगण्यासारखी थोडीच आहे, ती कंटाळवाणी असते आणि असायलाच हवी. काजळी निघाल्यावर वार्निशसाठी व्हाइट स्पिरिटमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून, सौम्यापासून सुरुवात करून, कडेजवळ नखाएवढ्या चौकोनांत चाचण्या घेतल्या. राळ जुनी होते तशी ती विरघळायला जड जाते, त्यामुळे प्रमाण हळूहळू वाढवावं लागलं. प्रत्येक बोळा पांढऱ्या कागदावर ठेवून बघायचा: पिवळट तपकिरी आला तर वार्निश, निळा किंवा तांबूस आला तर तिथंच थांबायचं. आकाशात बोळे स्वच्छ पिवळे आले. पाण्यावरही. होडीच्या पोटाखालच्या गडद भागात तिसऱ्याच बोळ्यावर अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी मातीरंगाचा डाग आला. चित्रकारानं तिथं रंगातच राळ मिसळून पातळ गडद थर दिलेला असणार, आणि असा थर वार्निशबरोबरच विरघळतो. तिथं मी काम सोडलं. होडीवर जुनं वार्निश अजून आहे, ती शेजारच्या गाळापेक्षा थोडी पिवळी दिसते, आणि मला ते चालतं. बाकी ठिकाणीही वार्निश मुळापासून न काढता एक पातळ थर राखला.

पायऱ्या तांबूस निघाल्या. जांभाच.

दादा मात्र नाराज होते. आकाश थंड करडं झालं, पाणी आकाशापासून सुटलं, माड उभा राहिला, पण ऊन पडलं नाही. त्यांना अजून तो कोपरा आवडत होता. "मॅडम, तेवढाच भाग जिवंत वाटतोय," असं ते म्हणाले तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. पुरानं खालचं सगळं नेलं होतं, वरचं एक चित्र तरी उजळून निघावं ही इच्छा मला कळत होती.

त्या कोपऱ्याचं काय करायचं हा या प्रकरणातला शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक प्रश्न होता. तिथं मूळ काय होतं? मनानं काही रंगवायचं नाही हा आमचा नियम. उत्तर ट्रंकेतून निघालं. 1960च्या दशकातल्या एका लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागं हेच चित्र भिंतीवर आहे. फोटो कृष्णधवल, चित्र त्यात तळहाताएवढं. पण भिंगातून पाहिलं तर त्या कोपऱ्यात गाळ मध्यम करडा होता आणि त्यात होडी बांधायचा एक लाकडी खुंट.

भडक चित्र असतं तर असा फोटो निरुपयोगी ठरला असता, कारण त्यातून रंग कळत नाही. इथं गाळाचा करडा शेजारीच शिल्लक होता, हवी होती ती फक्त गडदता, त्यामुळे फोटोनं जवळजवळ सगळं सांगितलं. शेजारच्या गाळातला करडा आणि फोटोतली गडदता यांचा मेळ घालून, पुढे कधीही काढता येतील अशा रंगांनी, खाली आधी वार्निशचा एक थर देऊन, मी तो तुकडा भरला. गाळ परत आणला. खुंट मात्र पुरता रंगवला नाही. फोटोत त्याची जागा आणि उंची कळते, धार कळत नाही, म्हणून तिथं फक्त किंचित गडद उभी छटा ठेवली. दोन पावलांवरून खुंट वाटतो, जवळ गेलं की माझी भर वेगळी ओळखू येते. तशीच ती ओळखू यायला हवी.

दादांसमोर लग्नाचा फोटो आणि चित्र शेजारी ठेवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे आमीच खरवडलं तर." मी काही बोलले नाही.

वरून न पिवळणाऱ्या कृत्रिम राळेचं पातळ वार्निश दिलं. जागा बदलली: देवघरावरून आणि खिडकीसमोरून काढून जिन्याच्या आतल्या भिंतीवर, जिथं थेट उजेड येत नाही. ती भिंत बाहेरच्या बाजूची नाही, त्यामुळे ओल धरत नाही. चित्राच्या पाठीमागं भिंतीपासून अर्धा इंच जागा राहावी म्हणून चौकटीला बुचाचे तुकडे लावले. पावसाळ्यात घर बंद करून जायची वेळ आली तर चित्र सुती कापडात गुंडाळून बरोबर न्यायचं, प्लास्टिकमध्ये नाही, हे लिहून दिलं.

चौकट बसवायच्या दिवशी आजींनी मला थांबवलं. ती गुलाबी पट्टी त्यांनी फक्त माझ्या तोंडून ऐकली होती. मी चित्र पलंगावर त्यांच्या समोर धरलं. आभाळाच्या वरच्या कडेला ती तीन सुतांची रेघ, पाऊस उघडल्यावर खाडीवर क्षणभर उमटतो तशा रंगाची.

"एवढंच ऱ्हायलंय व्हय?"

"एवढंच, आजी. आता ते चौकटीत झाकून जाईल. झाकलेलं राहिलं तरच टिकेल."

त्यांनी चष्मा वर करून ती रेघ डावीकडून उजवीकडे शेवटपर्यंत पाहिली. बोट जवळ नेलं, लावलं नाही.

"लाव आता," म्हणाल्या.